डोळे मिटून घेतलेलं घर

हमीदा सिस्टरांनी म्हातारपणासाठी घर निवडलं ते डोळे मिटून. बोलायची पद्धत म्हणून नाही सांगत मी हे. पळसदरीच्या त्या दोन खोल्यांच्या कौलारू घराच्या ओट्यावर चढल्यावर त्या खरोखरच डोळे मिटून उभ्या राहिल्या. घरमालक गोंधळला. बाईंना चक्कर आली की काय, असं त्यानं मला खुणेनंच विचारलं. मी मानेनं नाही म्हटलं. कारण मला माहीत होतं, पण ते कुणाला सांगायचं नाही अशी मला ताकीद होती.

मोहोपाड्याला कारखान्याच्या वसाहतीत आम्ही शेजारी होतो. मी हजेरीच्या टाइम ऑफिसात आणि सिस्टर कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. ठेंगणा बांधा, पांढरा पंजाबी ड्रेस, डोक्यावरून घट्ट पिना लावलेली ओढणी, पायात कॅनव्हासचे बूट. माहेर खालापूरकडचं. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला आणि शबनम नावाची एक मुलगी त्यांनी एकटीनं वाढवली. डॉक्टरसाहेबांसमोर त्या शुद्ध 'आहे-नाही' बोलत, आणि साहेबांची पाठ वळली की गावचं 'हाय-नाय' सुरू. हसण्याआधी हात तोंडावर न्यायची सवय होती, त्यामुळे आता या हसणार हे समोरच्याला आधीच कळायचं आणि तोही हसायला लागायचा.

त्यांची एक गोष्ट वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होती. 'काही होणार नाही' हे वाक्य त्या कधीच उच्चारत नसत. जखम धुवायच्या आधी त्या सांगत, "आता दुखणार हाय. बरंच दुखेल. मग कमी होईल." आणि तसंच व्हायचं. माझ्या सासूबाई आजारी पडल्या तेव्हा येणारा प्रत्येक जण 'उठून बसतील, बघा' म्हणून जात होता. सिस्टर आल्या, सासूबाईंचा हात हातात घेऊन बसल्या, आणि बाहेर व्हरांड्यात मला म्हणाल्या, "यांच्या बहिणीला बोलवून घे गं. भेटायचं असेल तर आताच." मला रागच आला. पण मी फोन केला. दोघी बहिणी भेटल्या, एका ताटात जेवल्या. त्यानंतर सासूबाई फार दिवस राहिल्या नाहीत.

एकदा दुपारपाळीत एका ऑपरेटरच्या तोंडावर कॉस्टिक सोड्याचं जहाल पाणी उडालं. नुकतं लग्न झालेला माणूस. चौघांनी धरून आणला. तो गुरासारखा ओरडत होता आणि डोळे काही केल्या उघडत नव्हता. मी हजेरीच्या कामासाठी तिथंच होते. सिस्टरांनी त्याला नळाखाली वाकवला, एका हातानं मान दाबली आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी पापण्या फाकवून धरल्या.

"सोडा मला! सोडा!"

"नाय सोडणार. शिव्या द्यायच्या तर दे. तुझ्या घरापास्नं एसटीच्या थांब्यापर्यंत कुणाकुणाची घरं लागतात, ते सांग. पयलं कुणाचं?"

"आई गं! ... पाटलांचं."

"मग?"

तो रडत, ओरडत घरं सांगू लागला. थांबा आला की सिस्टर म्हणायच्या, "आता परत घरी चल." पाण्यानं त्यांचे कपडे भिजले, बूट भरले, बोटं पांढरीफटक पडली. बाकीचे म्हणत होते, आता पुरे, गाडी आलीय, मोठ्या दवाखान्यात नेऊ. त्यांनी ऐकलं नाही. पुरेसं झालं असं त्यांना वाटलं तेव्हाच त्यांनी हात सोडला. त्या माणसाची नजर वाचली. तो पेढे घेऊन आला, तर त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "गोड हाय. आता चष्मा लावून काम कर, नायतर पुढच्या वेळी मी हात लावायची नाय."

निवृत्ती जवळ आली की वसाहतीत एकच विषय असतो. क्वार्टर सोडायचं, मग जायचं कुठं? कुणी पनवेलला फ्लॅट बघून ठेवतो, कुणी गावचं घर दुरुस्त करायला काढतो, कुणी मुलाकडं जायचं म्हणून सुनेच्या चेहऱ्याकडं बघत राहतो. शबनम पुण्याला असते, नवव्या मजल्यावर. तिनं आईची खोली रंगवूनसुद्धा घेतली होती. पण सिस्टर एका रविवारी मला म्हणाल्या, "तुझी स्कूटर काढ. घरं बघायची हायत."

पहिल्यांदा आम्ही कर्जतच्या अलीकडे एका मोठ्या प्रकल्पात गेलो. खास ज्येष्ठांसाठी बांधलेला. सारखी घरं, सारखी फाटकं, सारखी बाग. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ आम्हाला बॅटरीच्या गाडीतून फिरवत होता. नमुन्याच्या घरात शिरल्यावर सिस्टर म्हणाल्या, "मला जरा एकटीला बघू द्या." आम्ही बाहेर थांबलो. थोड्या वेळानं आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. धावत आत गेलो तर सिस्टर गुडघा चोळत उभ्या होत्या.

"सगळी घरं अशीच हायत?" त्यांनी विचारलं.

"अगदी सेम टू सेम, मॅडम. फरक सापडणार नाही तुम्हाला."

"तेच तर. आणि इतकं शांत कसं काय?"

गृहस्थ खुलला. "शांतता हीच तर आमची खासियत आहे, मॅडम. पक्ष्यांशिवाय काही ऐकू येणार नाही."

"पक्षी एका जागी बसतात का हो?" सिस्टर म्हणाल्या. तो नुसताच मान हलवून हसला. मलाही प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता.

तो कळला चौक गावच्या नाक्यावर. चहा घ्यायला थांबलो होतो. त्यांनी कप बाकड्यावर ठेवायला हात नेला, तो कडेवरून गेला आणि कप खाली पडला. मी फुटलेले तुकडे गोळा करायला वाकले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बस इकडं. माझी नजर चाललीय, सुनंदा. कडांनी खात खात आत येतेय. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. तुझ्या मागं बसून येते ना मी, रस्त्याच्या कडेचं एक झाड मला दिसत नाय."

मी घाईघाईनं ऑपरेशनचं, मुंबईच्या डॉक्टरांचं बोलू लागले. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग सांगितलं, सगळं झालंय. सगळीकडं दाखवलंय. थांबणारं नाही.

"माझ्या अब्बांनाही हेच झालं. गावात होते तोवर मशिदीत एकटे जायचे, विहिरीवर जायचे. पार आंधळे झाले तरी. मग भावानं मायेनं मुंब्र्याला नेलं. फ्लॅट चांगला होता, भाऊ-भावजय चांगली. पण अब्बांना मोरीसुद्धा सापडायची नाय. एक दिवस मी भेटायला गेले, तर भावजय फरशी पुसत होती. तिनं अब्बांना उठवून पलंगावर ठेवलं. पुसून झाल्यावर परत खुर्चीत ठेवलं. 'ठेवलं' हाच शब्द हाय त्याला." त्यांनी ओढणीची पिन नीट केली. "डोळे गेल्यावर घर बदलायचं नसतं गं. ते आधी बदलायचं. दिसतंय तोवर शिकून घ्यायचं. मला असं घर पायजे, की जे मला कानांनी कळेल."

त्यानंतर आम्ही बरीच घरं पाहिली. खोपोलीचा एक फ्लॅट त्यांना आवडता आवडता राहिला, कारण तिथं चारी बाजूंनी एकच आवाज होता, हॉर्नचा. शेवटी पळसदरी. घर जुनं होतं आणि एका कडेला कौलं बदलावी लागणार होती. शेजारीच पिठाची गिरणी. मालक गिरणीबद्दल बोलायचं टाळत होता. आम्ही गेलो तेव्हा ती नेमकी सुरू झाली आणि त्याचा चेहरा पडला.

सिस्टर मात्र ओट्यावर डोळे मिटून उभ्या होत्या. मग त्यांनी उजवा हात उचलला. "ही गिरणी." हात पुढं गेला. "ही रेल्वे." डावीकडं वळला. "तिकडं शाळा. पोरं पाढे म्हणतायत. आणि मागं पाणी वाहतंय, ते कसलं?"

"धरणाचं, ताई. पावसाळ्यात जोरात असतं. पन उन्हाळ्यात नसतं बगा."

"उन्हाळ्यात नसलं तर उन्हाळा हाय ते कळेल मला," त्या म्हणाल्या आणि हात तोंडावर नेला. मालक हसायला लागला, का ते त्याला कळलं नव्हतं. "अजान तेवढी ऐकू येत नाय. ती मी फोनवर लावेन. गिरणी कधी बंद तर पडणार नाय ना?"

गिरणीच्या आवाजामुळं जे घर इतके दिवस विकलं जात नव्हतं, ते गिरणी टिकेल ना याची खात्री करून घेऊन सिस्टरांनी घेतलं.

शबनमला कळलं तेव्हा ती पुण्याहून तडक आली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं, आणि थोड्या वेळानं सिस्टरांनीच मला आत बोलावलं.

"काकी, तुम्ही सांगा हिला," शबनम रडत होती. "लोक काय म्हणतील सोडा. पण तिथं आपलं कोण आहे? एक घर नाही आपल्या माणसांचं."

"मोहोपाड्याला आले तेव्हा कोण होतं?" सिस्टर म्हणाल्या.

"तेव्हा तुला दिसत होतं, अम्मी! आता पडलीस तर?"

"पडेन. पण कुठं पडले ते मला कळेल. तुझ्या घरी नाय कळणार, बेटा." मग त्यांनी मुलीचं डोकं मांडीवर घेतलं. "तुझ्या घरात मी आंधळी पाहुणी होईन. तिथं मी आंधळी मालकीण असेन. मला मालकीण राहू दे."

शबनम उठली ती सामान बांधायलाच लागली. त्या घराचे विजेचे खटके, गॅस, नळ, सगळं तिनंच उभं राहून बसवून घेतलं.

पळसदरीला मी पहिल्यांदा राहायला गेले तो दिवस मला विसरता येत नाही. दार उघडं होतं. सिस्टर स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या आणि डोळ्यांवर ओढणी करकचून बांधलेली होती.

"सुनंदा ना? बस. पाणी हंड्यात हाय. अजून थोडा वेळ मी आंधळी हाय."

मी बसून बघत राहिले. तव्यावर हात धरून त्या आच अजमावत होत्या. भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली. एक भाकरी निम्मी बाहेर पडली तेव्हा स्वतःलाच चार शब्द सुनावले. नंतर ओढणी सोडून त्यांनी ती भाकरी नीट न्याहाळली. "कडेला कच्ची," म्हणाल्या. हे रोज चाले. सकाळी घरात, दुपारी अंगणात, संध्याकाळी गिरणीपर्यंत. पुढं स्टेशनपर्यंत. नजर अजून थोडी होती, आणि ती शिल्लक असतानाच त्या तिच्याशिवाय जगायला शिकत होत्या. दुःख येणार हे कळल्यावर आपण तोंड फिरवतो. ही बाई रोज उठून त्या दुःखाच्या घरी जाऊन बसून येत होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या मात्र पोटभर जेवल्या.

गावानं सुरुवातीला बाईंचं डोकं फिरलंय असंच धरलं. डोळे बांधून गल्लीतून चालणारी बाई कुणी पाहिली होती? पण वरच्या ठाकूरवाडीतली बुधीबाई शेवळांची रानभाजी, करवंदं विकायला खाली यायची. तिच्या पायाला फोड आला होता, तो सिस्टरांनी बरा केला. मग वाडीतल्या बाया येऊ लागल्या, मग गावातल्या. गिरणीवाले तात्या तर दिवसातनं दहादा डोकावायचे.

"सिस्टर, तुमी पडाल एकाद्या दिवशी."

"पडले तर उचला. नायतर आपलं दळण बघा."

आणि एका हिवाळ्यात त्या पडल्या. तोवर नजर जवळजवळ गेली होती. उजेड-अंधार तेवढा कळायचा. गिरणीजवळच्या गटारात पाय गेला आणि मनगट मोडलं. पनवेलला हॉस्पिटलात ठेवलं. शबनम आली, काही दिवस त्यांना आपल्याकडं घेऊन गेली. मग मी आणि शबनम त्यांना परत पळसदरीला घेऊन निघालो.

मधल्या काळात गावातल्या तरुणांनी एक गोष्ट केली होती. सिस्टर पुन्हा पडू नयेत म्हणून वर्गणी काढली. अंगणातले दगड उपसून टाकले, जमीन सपाट केली, गटार झाकलं आणि दारापासून रस्त्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवून घेतले. नळ एका बाजूला होता, तोही सोयीचा म्हणून दाराजवळ आणला. आम्ही पोचलो तेव्हा निम्मं गाव स्वागताला उभं होतं. कुणीतरी दाराला तोरणसुद्धा बांधलं होतं.

सिस्टर गाडीतून उतरल्या. डाव्या हातानं गाडीचा दरवाजा लावला, पाय पुढं टाकला आणि थांबल्या. पायानं जमीन चाचपली. दुसरं पाऊल टाकलं. पुन्हा थांबल्या.

"सुनंदा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे कुणाचं घर?"

मी आयुष्यात त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. तरुणांच्या चेहऱ्यांवरचं हसू उतरलं. शबनम पुढं झाली आणि तिनं आईचा दंड धरला. "चल अम्मी, मी नेते आत."

"हात सोड."

"अम्मी..."

"सोड गं."

शबनमनं हात सोडला. सिस्टर तिथंच रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. प्लास्टर घातलेला हात पोटाशी, तोंड किंचित वर. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. वर्षानुवर्षं पायांनी शिकलेलं सगळं कुणीतरी मायेनं उचलून नेलं होतं. आता या परत पुण्याला जाणार, असं मला वाटलं. शबनमलाही तेच वाटलं असावं.

मग त्या म्हणाल्या, "तात्या हायत का?"

"हाय ना, सिस्टर."

"गिरणी का बंद हाय?"

"तुमी येनार म्हनून बंद ठेवली. आवाज नको म्हटलं."

"चालू करा."

तात्यांनी धावत जाऊन गिरणी सुरू केली. दळण काही नव्हतं. रिकामीच घरघरू लागली. सिस्टरांनी तोंड तिकडं वळवलं. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग एक कान गिरणीकडं ठेवून चालू लागल्या. चार पावलं गेल्या आणि भिंतीला लागल्या. परत मागं आल्या, गाडीला हात लावला, पुन्हा निघाल्या. या वेळी ओट्याच्या बाजूनं पुढं निघून गेल्या. बुधीबाई डोक्यावरची पाटी खाली न ठेवता तशीच उभी होती. एका तरुणानं पुढं व्हायला पाय उचलला, तर तात्यांनीच त्याला मागं ओढलं.

पुन्हा गाडीपाशी. पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू पावलं ठरत गेली. नवे ठोकळे कुठं सुरू होतात, कुठं संपतात, ते पायांनी मोजून घेतलं. नळ जिथं असायचा तिथं हात नेला, रिकामा परत आला, मग शोधत शोधत नव्या जागी सापडला. तो त्यांनी सोडून पाहिला, तोंडावर पाणी मारलं आणि बंद केला. शेवटी ओट्याची कड पायाला लागली तशी त्या वर चढल्या, दाराच्या चौकटीला हात लावला आणि तोरणही चाचपून पाहिलं.

वळून त्या सगळ्यांकडं तोंड करून उभ्या राहिल्या. "चांगलं केलंत रं. आता पाय ठेचकाळत नाय." चौकटीवर हात ठेवून म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी मला विचारून करा. घर माझं हाय."

शबनम खाली ठोकळ्यांवरच बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडली. त्यानंतर तिनं आईला पुण्याला चल म्हटलं नाही. गावातही पुढं कुणी रस्त्यात नुसती सायकल लावायची झाली तरी आधी सिस्टरांना सांगून जाई.

त्या गेल्या त्या घरातच, सकाळी, चहाचं आधण ठेवून खुर्चीत बसल्या असताना. जाण्याआधी गॅस मात्र त्यांनी बंद केलेला होता. मला कळेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. त्यामुळं माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्याआधीच्या भाद्रपदातलं.

दोन दिवस राहून मी निघाले होते. ढग घाटावरून खाली उतरून कौलांना टेकले होते. तेवढ्यात मुंबईहून एक जोडपं आलं. नुकतंच निवृत्त झालेलं, नीटनेटकं. गिरणीपलीकडचं घर विकायचं आहे असं त्यांना कळलं होतं आणि किल्ली सिस्टरांकडं होती. दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरांना त्यांनी विचारलं, इथं करमतं का, पाणी येतं का, लोक कसे आहेत.

"मे महिन्यात एकदा या, मग पाण्याचं विचारा," सिस्टर म्हणाल्या. "लोक चांगले हायत. जरा जास्तच चांगले."

"आणि व्ह्यू कसा आहे हो त्या घरातून?" बाईंनी विचारलं.

"डोंगर समोर हाय. आज दिसायचा नाय, ढग हायत. गारवा लागतोय ना?"

त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली, चपला पायांत सरकवल्या आणि चालू लागल्या. मी थैली घेऊन ओट्यावर उभी होते. सिस्टर पुढं, हात मोकळे, ओढणी सावरत, मधूनच मागं मान वळवून बोलत. आणि ते दोघं त्यांच्या चालीला पुरे पडावं म्हणून भरभर पावलं टाकत मागं. आपल्याला घर दाखवायला निघालेल्या या बाईला काही दिसत नाही, हे त्या दोघांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

वळणाशी त्या थांबल्या. "इथं खाली बघून चला. दगड ओला असतो."

दोघांनी खाली पाहिलं, आणि सिस्टरांच्या मागोमाग जपून पाय टाकत ती दोघं गिरणीच्या आड गेली.